कुठे दुखतंय? डॉ. कोटणीस आणि पेशंटची भाषा

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, कधी मोजून पाहिलेत? ठणकतं, चमकतं, टोचतं, चरचरतं, भगभगतं, शिवशिवतं. कळ येते, मुरडा मारतो, पेटका येतो, गोळा उठतो. अंगात कणकण असते आणि डोकं जड असतं. हातापायांना मुंग्या येतात. आणि यातलं काहीच जमलं नाही तर शेवटी "कसंतरी होतंय डॉक्टर" हे आहेच.

तुम्ही हे सहज बोलून जाता, पण समोर बसलेल्या डॉक्टरसाठी प्रत्येक शब्द ही एक खूण असते. दात किंवा गळू ठणकतं. मुरडा म्हटलं की आधी आतड्यांचा विचार येतो. पायाला मुंग्या म्हटलं की मी साखर विचारतो. छातीत "चमक येते" म्हणणारा पेशंट आणि छातीवर "दाब आल्यासारखं वाटतं" म्हणणारा पेशंट यांच्यात फार मोठा फरक आहे. दुसऱ्याचा ईसीजी मी त्याच मिनिटाला काढायला सांगतो.

हे नुसतं जुन्या डॉक्टरांचं कौतुक नाही. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. ओपीडीत नव्याने आलेल्या ८० पेशंटपैकी ६६ जणांचं अंतिम निदान त्यांची हकिकत ऐकूनच लागलं होतं. तपासणी आणि चाचण्यांनी फक्त उरलेल्यांच्या निदानात फरक पडला. आता स्कॅन आले, रक्ताच्या शंभर तपासण्या आल्या, तरी कोणता स्कॅन करायचा हे ठरतं ते तुमच्या बोलण्यावरूनच.

आता उलटी बाजू. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणलं. घरचे स्पॅनिश बोलणारे. त्यांनी एक शब्द वापरला, 'इंतोक्सिकादो'. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ होता 'काहीतरी खाण्यात बाधलंय'. इंग्रजी डॉक्टरांना तो 'इंटॉक्सिकेटेड' असा ऐकू आला आणि नशेच्या औषधांचा अतिरेक समजून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो कळेपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दुभाषा कोणी मागवलाच नव्हता, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला समजलंय.

हे सगळं डोक्यात ठेवून आजची गोष्ट वाचा. ती आपल्या सोलापूरच्या एका डॉक्टरची आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट जुन्या पिढीने पाहिलेला आहे. पण त्यांच्याबद्दल बोलताना आपण त्याग, मैत्री, भारत-चीन संबंध इथेच थांबतो. मला डॉक्टर म्हणून नेहमी दुसराच प्रश्न पडतो. हा माणूस तिथल्या पेशंटशी बोलला कसा?

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईत, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएमच्या आवारात. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि वैद्यकीय साहित्याची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी आवाहन केलं, 'चायना डे' पाळून २२ हजार रुपये जमवले गेले, एक रुग्णवाहिका घेतली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. देश स्वतः पारतंत्र्यात आणि मदत दुसऱ्याला, हे लक्षात घ्या.

त्या पाचांत दोघे मराठी मुलखातले होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस, तेव्हा पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने ते निघाले आणि सप्टेंबरच्या मध्याला कॅन्टनला उतरले. तिथून हानकौ, मग नदीमार्गाने चुंगकिंग आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान. शहरं एकामागून एक जपान्यांच्या हाती पडत होती आणि हे पथक जखमींवर उपचार करत आत आत सरकत होतं. चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत.

भाषेचं काय? पाच जण आपसांत इंग्रजी-हिंदी बोलत असणार. पण जखमी सैनिक म्हणजे उत्तर चीनच्या खेड्यातले शेतकरी. त्यांना इंग्रजीचा गंधही नाही. चिनी लोकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे या पाचही जणांना चिनी नावं दिली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ', बसू झाले 'बा सुहुआ'. वरवर पाहता ही साधी गोष्ट, पण 'कोटणीस' हा शब्द त्या भाषेच्या तोंडात बसणारा नव्हता. ज्याचं नाव उच्चारता येत नाही अशा माणसाला कोणी चटकन हाक मारत नाही. ऑपरेशन टेबलापाशी तर हाक मारता आलीच पाहिजे. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत, पहिला छेद घेण्याआधी सर्वांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगावं, असा एक मुद्दा आहे. कारण तेच.

चिनी भाषा मराठी माणसाला कुठे अडवते आणि कुठे मदत करते, हे सांगण्यासारखं आहे. अडवते ती सुरात. एकच 'थांग' एका सुरात म्हटलं तर सूप, दुसऱ्या सुरात म्हटलं तर साखर. आपल्याकडे सूर बदलला की भाव बदलतो; तिथे शब्दच बदलतो. शिवाय लिपी वेगळी, हजारो चिन्हांची. बाराखडी नाही की जोडाक्षर नाही, एकेक चिन्ह पाठच करायचं.

पण वैद्यकाच्या बाबतीत ही भाषा फार सरळ आहे. इंग्रजीत फुफ्फुसाच्या दाहाला न्यूमोनिया, यकृताच्या दाहाला हेपटायटिस. ग्रीक येत नसेल तर दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंधच लागत नाही. चिनीत 'फेय' म्हणजे फुफ्फुस, 'गान' म्हणजे यकृत आणि 'येन' म्हणजे दाह. म्हणून फेय-येन आणि गान-येन. झालं. आपण यकृतदाह, फुफ्फुसदाह म्हणतो अगदी तसंच. फरक इतकाच की आपण हे शब्द पुस्तकात ठेवले आणि तिथला शेतकरी ते रोज बोलतो. शरीराचे अवयव आणि असे पंधरा-वीस प्रत्यय आले की डॉक्टरची गाडी चालू लागते. मराठी शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलाला ही जोडणी परकी वाटू नये.

गाडी चालू लागणं वेगळं आणि वर्गात उभं राहून शिकवणं वेगळं. कोटणीसांनी दुसराही टप्पा गाठला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हेच सर्वांत अवघड काम आहे.

१९३९ मध्ये चोळकर आणि मुखर्जी परतले, १९४० मध्ये प्रकृतीमुळे अटलही परतले. कोटणीस आणि बसू राहिले. तोवर एक मोठी घटना घडली होती. कॅनडाचे नामवंत सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून याच आघाडीवर काम करत होते. ऑपरेशन करताना बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. (पेनिसिलिन लोकांपर्यंत पोचायला अजून काही वर्षं होती. आज त्या बोटाला आठवडाभराचं अँटिबायोटिक पुरलं असतं.) बेथ्यून विलक्षण सर्जन होते, पण ते दुभाष्याच्या मदतीने काम करत. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. शान्सी, चाहार आणि होपेई या प्रांतांच्या सीमाभागातलं हे काम. रुग्णालय म्हणजे पक्की इमारत असं समजू नका. शत्रू जवळ आला की पेशंट, औषधं, विद्यार्थी सगळं उचलून दुसऱ्या खेड्यात जायचं.

इथे ते चिनीतून शिकवत. चिनीतून तपासत, चिनीतून हिशेब आणि कुरबुरी ऐकत. शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनी भाषेत लिहायला घेतलं होतं. मुंबईत उतरल्यावर तीन-चार वर्षांत एखाद्या चिनी डॉक्टरने मराठीतून सर्जरीचं पुस्तक लिहिलं तर आपल्याला काय वाटेल, याची कल्पना करा.

हे एकट्याने होत नाही. भाषेचा क्लास लावून तर अजिबात होत नाही. मी असं बघतो की नवी भाषा येण्यासाठी माणसाला दोन गोष्टी लागतात: रोज बोलण्याशिवाय गत्यंतर नसणं, आणि चुकलं तर हसून दुरुस्त करणारी माणसं आजूबाजूला असणं. नुसती पहिली असेल तर माणूस गप्प होतो. खाणाखुणांवर भागवतो, मान डोलावतो. दवाखान्यात असा मान डोलावणारा सहकारी सगळ्यांत धोक्याचा. त्या पथकात दुसरी गोष्ट होती. सहकारी त्यांना 'लाओ के' म्हणत. 'लाओ' म्हणजे म्हातारा नव्हे. आपण जवळच्या वडीलधाऱ्याला 'अण्णा', 'तात्या' म्हणतो तसं. वय तिशीचं, तरी लाओ के! जखमी सैनिकांनी तर त्यांना 'हेय मामा' असं नाव ठेवलं होतं. मामा म्हणजे आई. काळी आई! आपला शेतकरी 'काळी आई' कशाला म्हणतो हे नाशिककरांना सांगायला नको. तिथल्या सैनिकांना आपला अर्थ ठाऊक असण्याचं कारण नाही, ते फक्त त्यांच्या सावळ्या रंगावरून आणि मायेवरून म्हणत होते. पण मला हे नाव वाचलं की आधी जमीनच डोळ्यांपुढे येते.

कुओ चिंगलान या त्याच शाळेत नर्सिंग शिकवणाऱ्या होत्या. १९४१ च्या अखेरीला दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आणि ९ डिसेंबर १९४२ ला, होपेई प्रांतात, अपस्माराच्या झटक्याने डॉ. कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

चित्रपटात साथीच्या रोगाचा मोठा प्रसंग असल्यामुळे पुष्कळांना वाटतं की ते प्लेगने गेले. तसं नाही. त्यांना फिट्स येत होत्या. मोठेपणी अचानक फिट येऊ लागली तर तिच्या मागे काहीतरी कारण असण्याची शक्यता लहान मुलांपेक्षा जास्त असते. डोक्याला मार, मेंदूतली गाठ, रक्तस्राव, साखर किंवा सोडियम कमी होणं, दारू, आणि आपल्या देशात फार महत्त्वाचं कारण म्हणजे टेपवर्मच्या अळीची मेंदूतली गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. कुठल्याही खेड्यात मुक्काम आणि मिळेल ते अन्नपाणी, असं आयुष्य असलेल्या तिशीतल्या माणसाला फिट आली तर आजचा डॉक्टर हे कारण आधी शोधेल. १९४२ मध्ये शोधायला काहीच नव्हतं. सीटी स्कॅन आला १९७० च्या दशकात. फेनिटॉइन हे फिटचं औषध १९३८ मध्येच पुढे आलं होतं, म्हणजे कोटणीस ज्या वर्षी बोटीत बसले त्याच वर्षी. पण नाकेबंदीत सापडलेल्या त्या डोंगरांत साधी भुलीची औषधंही मुश्किलीने मिळत. वर रात्ररात्रभर जागरण. झोप न मिळणं हे फिट सुरू होण्याचं अगदी ओळखीचं निमित्त आहे.

जाता जाता इथेच सांगतो, कारण हे विचारणारे पेशंट बरेच असतात. टेपवर्मची अंडी पोटात जातात ती मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि कच्च्या भाज्यांतून. त्यामुळे 'आम्ही शाकाहारी, आम्हाला कसं होईल?' हा समज चुकीचा आहे. कोथिंबीर, मेथी, मुळा, कोबी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. कोणाला फिट आली तर कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा आणि चप्पल तर नकोच नको. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर थेट दवाखाना. कोटणीसांसारखे मृत्यू आज टाळता येतात. शर्त एकच, गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत.

आता पुन्हा भाषेकडे. हा विषय मी आत्ता काढला त्याला कारण आहे. नाशिकमधूनही नर्सिंग झालेली, टेक्निशियन झालेली मुलं-मुली परदेशी निघाली आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनच्या क्लासची चौकशी घराघरांत सुरू आहे. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणीसाठी बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीची भाषा लागते. डॉक्टरला त्याच्याही पुढची वेगळी परीक्षा असते. तिचे तीन भाग, प्रत्येकी वीस मिनिटांचे. पहिल्या वीस मिनिटांत पेशंटची हकिकत घ्यायची, पुढच्या वीसमध्ये ती लिहून काढायची, शेवटच्या वीसमध्ये तीच दुसऱ्या डॉक्टरला समजावून सांगायची. बेताची परीक्षा नाही, पण मला ती अतिशय शहाणपणाची वाटते. व्याकरण येतं का यापेक्षा पेशंट समजतो का, हे ती बघते.

एमबीबीएससाठी मुलांना परदेशी पाठवणाऱ्या पालकांनीही हे वाचावं. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातलं शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच हवं. वर्गात इंग्रजी चालेल. वॉर्डातली आजीबाई मात्र तिच्याच भाषेत कण्हणार. पहिल्या वर्षापासून मुलगा ती भाषा शिकला नाही तर सहा वर्षं तो पेशंटच्या खाटेशी नुसता उभा राहील. कॉलेज निवडताना फी आणि मेस यांच्याबरोबर हेही विचारा: वॉर्डात नेण्याआधी भाषा किती महिने शिकवतात? आणि नोकरीला जाणाऱ्यांनी विचारावं की सुरुवातीला कोणा जुन्या सहकाऱ्याबरोबर ड्यूटी देतात का, की पहिल्याच रात्री एकटीला वॉर्ड सोपवतात. पगाराचा आकडा सगळेच विचारतात. हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

परदेश कशाला, नाशिक जिल्ह्यातच बघा. बागलाण-मालेगावकडून येणाऱ्या आजी "पोट दुखी ऱ्हायनं" म्हणतात. सुरगाणा-पेठचे लोक कोकणा बोलतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा मुलगा भोजपुरी बोलतो. तुमची आणि डॉक्टरची भाषा एक नसेल तर संकोच करू नका. बरोबर भाषा जाणणारं मोठं माणूस आणा. शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. आईच्या पाळीबद्दल किंवा बाबांच्या दारूबद्दल त्याने काय भाषांतर करायचं? डॉक्टरने जे सांगितलं ते निघण्याआधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवा. "म्हणजे ही पांढरी गोळी सकाळी जेवणाआधी, बरोबर?" यात डॉक्टरचा अपमान नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. आणि नुसतं "हो हो" म्हणून उठू नका.

कोटणीस गेल्यावर माओने लिहिलं की सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. यिनहुआनेही वैद्यकीय शिक्षण घेतलं, पण १९६७ मध्ये ऐन पंचविशीत तोही गेला. कुओ चिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या, अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंग शहराच्या हुतात्मा स्मारक उद्यानात आहे, बेथ्यून यांच्या समाधीच्या परिसरातच. इकडे सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. तुळजापूर-पंढरपूर करून येताना बरेच नाशिककर सोलापूरवरून जातात. तासभर वेळ काढून आत जाऊन या, मुलांनाही न्या.